अडीच किलोमीटरचं भाडं

ज्याला भागाकार चांगला येतो, त्याला प्रत्येक दुकानदार लुटारू वाटतो. मूर्तिजापुरातल्या एका निवृत्त गुरुजींचं तसंच झालं होतं. सारी नोकरी त्यांनी पोरांना गणित शिकवण्यात घालवली. काळ, काम, वेग हा त्यांचा हातखंडा विषय. हॉटेलात चहा प्यायले की पत्ती किती, साखर किती, दूध किती याची बेरीज मनातल्या मनात व्हायची आणि बाहेर पडता पडता ते सांगायचे, "साडेतीन रुपयांचा माल, दहा रुपये घेते लेकाचा." हॉटेलवाल्याचं जागेचं भाडं, भट्टीचा जाळ, पहाटे पाचला उठणं, यांना त्या बेरजेत रकाना नव्हता. पण गुरुजींशी वाद कोण घालणार? अर्ध्या गावानं त्यांच्या हातची छडी खाल्लेली.

तर अशा गुरुजींनी घर बदलायचं ठरवलं. स्टेशन विभागात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहण्यात जन्म गेला होता. फंडाचे पैसे आले तेव्हा जुन्या वस्तीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. या घरातून त्या घरात, अंतर अडीच किलोमीटर. मुहूर्त मात्र गुरुजींनी पितृपंधरवड्यातला काढला.

"पितरांत कोनी घर बदलते काय?" गुरुजींच्या बाई म्हणाल्या.

"म्हनूनच गाड्या रिकाम्या असतात. दसरा झाला की सोयाबीन निघते, मग कापूस. तवा गाडीवाला सरळ तोंडानं बोलत नाई."

यात खोटं काहीच नव्हतं. हंगामात मूर्तिजापूरच्या बाजार समितीकडे माल सुरू झाला की छोट्या गाडीला दिवसाला दोन-दोन भाडी मिळतात आणि घरसामानाच्या भाड्याकडे कोणी बघत नाही. शेवटी तडजोड झाली. सामान पितरांत न्यायचं, देव आणि कलश घटस्थापनेला.

गाड्यांच्या अड्ड्यावर सात-आठ छोटे हत्ती, दोन पिकअप आणि एक जुनाट मेटाडोर उभा होता. छोटा हत्ती टाटांनी २००५ साली बाजारात आणला. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टनाच्या आसपास माल, आणि गल्लीतून वळेल एवढं अंग. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या गावाचा व्यवहार मोठ्या रस्त्यांनी बदलला नसेल तेवढा या गाडीनं बदलला. त्याआधी थोडं सामान न्यायचं तर ट्रक फार मोठा आणि हातगाडी फार लहान. शिवाय भरल्या वजनासह तीन हजार किलोच्या आत बसणाऱ्या मालगाडीला परमिटची कटकट नसते. त्यामुळे गावोगावच्या पोरांनी कर्ज काढून या गाड्या घेतल्या आणि अड्डे भरले.

त्याहीआधी बंडी होती. गुरुजींच्या लहानपणी खेड्यात घर बदलायचं तर शेजाऱ्याची बंडी यायची, चार गडी यायचे, पिठलं-भाकरीवर काम व्हायचं. पैसा कोणी मागत नसे. गुरुजी हे उदाहरण नेहमी द्यायचे. पुढं त्या शेजाऱ्याच्या निंदणाला, सोंगणीला आपण किती दिवस राबलो, तेवढं मात्र ते सांगत नसत. इर्जिकीचा हिशोब वहीत नसतो, पण असतो.

वर्गात गुरुजी छापील मराठी बोलायचे. भाव करताना मात्र अस्सल वऱ्हाडी.

"जुन्या वस्तीत जाचं हाये बापू. किती घेशीन?"

गाडीवाला पस्तिशीचा होता. अड्ड्यावर सगळे त्याला बापूच म्हणत. तो खाली उतरला.

"सामान काय काय हाये, गुरुजी?"

"दोन मानसाचं सामान. असून असून किती असते?"

"तरी?"

"एक लोखंडी कपाट, दिवान, दोन खाटा, धान्याच्या कोठ्या, कूलर, भांडीकुंडी. अन् पुस्तकं."

"मजला?"

"वरचा. पन जिना रुंद हाये."

बापूनं मान हलवत मनाशी काही जुळवलं. "बाराशे द्या. मी अन् माह्या संग एक पोरगं. चढवू, उतरवू, बाई म्हनतीन तठी ठेवून देऊ. दोन खेपा होवोत का तीन, बाराशे."

"बाराशे! अडीच किलोमीटरले?" गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली. छोट्या हत्तीच्या बॉनेटला सपाटी नसते, म्हणून कागद त्यांनी हौद्याच्या फळीवर ठेवला. "जानं अडीच, येनं अडीच, पाच झाले. अठराचं अॅव्हरेज धरलं त पाव लिटरच्या थोडं वर. पंचवीस-सव्वीस रुपयांचं डिझेल. जाऊ दे, तीस धर. तुह्या दोन तासाची मजुरी दोनशे. वर नफा सत्तर. तीनशे झाले. कोठी चुकलं सांग."

"चुकलं कोठीच नाई," बापू म्हणाला. "पन हे चालत्या गाडीचं गनित हाये गुरुजी."

"मग गाडी काय उभी राह्याले घेतली काय?"

बाजूचे ड्रायव्हर हसले. बापूही हसला. थोडी ओढाताण झाली आणि शेवटी त्यानं वेगळा भाव सांगितला. खेपेचे चारशे. फक्त गाडी आणि तो. चढवणं-उतरवणं गुरुजींचं.

गुरुजींना हेच हवं होतं, कारण एका खेपेत सामान कसं बसवायचं हे त्यांनी आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं. हौदा सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद. दोरीनं बांधून पाच फूट उंचीपर्यंत रचलं तर एकशे सहासष्ट घनफूट. घरातल्या प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी-उंची मोजून बेरीज आली एकशे पन्नास. म्हणजे सोळा घनफूट जागा उरतेच. त्या सोळा घनफुटांत तुळशीवृंदावन बसेल, असं त्यांनी बाईंना सांगितलंही होतं.

ठरल्या दिवशी सकाळी नऊला गाडी दारात. गुरुजींनी मदतीला भाचा आणि भाच्याचा मित्र बोलावला होता. भाचा आला, मित्र साडेदहाला आला. जिना खरोखर रुंद होता. त्याचं मधलं वळण मात्र रुंद नव्हतं. कपाट तिथं अडकलं. घनफळाच्या सूत्रात वळण धरलेलं नसतं. भाच्यानं वरून ढकललं, मित्रानं खालून सोडून दिलं, भिंतीचं प्लास्टर पडलं आणि घरमालक बाहेर येऊन उभा राहिला. तेव्हा कुठं मालधक्क्याकडून दोन हमाल बोलावले गेले. त्यांनी कपाटाचे खण काढले, खालून पट्टा घातला आणि दहा मिनिटांत ते खाली आणलं. दोघांचे सहाशे ठरले. ज्यानं कधी पट्ट्यावर कपाट उतरवलं नाही त्याला ही रक्कम जास्त वाटेल.

"आडवं टाका," गुरुजी म्हणाले, "वर बाकीचं रचता येईन."

"कपाट उभंच न्या लागते," बापू म्हणाला. "आडवं नेलं त दार बसत नाई मंग."

कपाट उभं राहिलं आणि एकशे सहासष्ट घनफुटांचा हिशोब पहिल्याच वस्तूला कोसळला. मागोमाग कूलर आला. अकोल्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वऱ्हाडातला पत्र्याचा कूलर म्हणजे काय चीज आहे ते माहीत असतं. तो घरातला एक सदस्यच असतो, आणि त्याचं लोखंडी स्टँड वेगळं. कूलरवर काही ठेवता येत नाही, स्टँडमध्ये काही भरता येत नाही, खाटेचे पाय घडी होत नाहीत. दिवाण अर्धा बसला आणि पहिली खेप भरली.

दुसऱ्या खेपेला कोठ्या, खाटा आणि राहिलेला दिवाण. मग भाद्रपदातली सर आली. पुस्तकांचे गठ्ठे ओट्यावर होते. बापूनं सीटमागून ताडपत्री काढून त्यांच्यावर टाकली, कोपऱ्यांना विटा ठेवल्या, आणि पाऊस ओसरेपर्यंत स्वतः केबिनच्या दाराशी भिजत उभा राहिला, कारण आत बाईंनी आपल्या हातानं आणून ठेवलेली दुधाची पातेली आणि गाडगेबाबांची तसबीर होती. ताडपत्रीचे पैसे त्यानं मागितले नाहीत. तिसरी खेप पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते.

खेपेचे चारशे, तिनाचे बाराशे. हमालांचे सहाशे. भाचा आणि त्याचा मित्र यांचं जेवण वेगळं.

गुरुजींनी नोटा दोनदा मोजल्या आणि बापूच्या हातात ठेवल्या. मग नव्या घराच्या ओट्यावर चहा होत असताना त्यांनी विचारलंच. "तीन खेपा लागतीन हे तुले मालूम होतं. पयलेच काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं ना," बापू म्हणाला. "बाराशे."

बाई आत तसबीर टांगायला खिळा शोधत होत्या. गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. मूर्तिजापूरकरांना त्यांचा अभिमान असतो आणि गुरुजींना तर जास्तच. बाबा कोणाच्या दारात भाकर मागायचे तर आधी लाकडं फोडायचे, अंगण झाडायचे. फुकटचा घास खायचे नाहीत, ही गोष्ट गुरुजींनी दरवर्षी २० डिसेंबरला, पुण्यतिथीला, पोरांना सांगितली होती. बाई आतून म्हणाल्या, "अजी, बाबानं खाल्लेल्या भाकरीचं काम केलं म्हनून सांगत होते तुमी. इथी त्या पोरानं काम केलं, तवा तुमी भाकर मोजून राह्यले."

गुरुजी काही बोलले नाहीत. बापूनं चहाचा कप खाली ठेवला आणि निघण्याआधी तो जे बोलला ते अड्ड्यावर आजही सांगतात. "गुरुजी, तुमी आले तवा गाडी उभी होती ना? त्याच्या आधी दोन दिवस ती तठीच उभी होती. तुमी याले पायजे म्हनून. त्या उभं राह्यन्याचे पैसे कोनी देत नाई. चालते तवाच घ्या लागतात."

रात्री गुरुजींना झोप लागली नाही. नवी जागा होती, हेही कारण असेल. पुण्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, तुमच्याकडं कसं असतं? मुलानं सांगितलं की तिथं मोबाईलवरून छोटी गाडी मागवता येते. आधी एक ठरलेली रक्कम, वर किलोमीटरचे पैसे, आणि सामान चढवायला दिलेली मिनिटं संपली की उभ्या गाडीचे मिनिटागणिक वेगळे. ड्रायव्हर सहसा सामानाला हात लावत नाही. मजूर पाहिजे तर त्याचे निराळे. लंडनला असलेला त्याचा एक मित्र तर सांगत होता की तिकडं घरसामानाची छोटी गाडी तासावर मिळते आणि बहुतेक जण किमान दोन तासांचे पैसे घेतातच, अंतर शेजारच्या गल्लीचं का असेना.

"म्हणजे यंत्रालासुद्धा उभ्या गाडीचे पैसे कळतात," गुरुजी म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पाठकोरा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अड्ड्यावर हजर. बापूला त्यांनी एकेक आकडा विचारला. बापूनं लपवलं नाही. उलट त्याला मजा वाटत होती, कारण असं कोणी कधी विचारलं नव्हतं. कर्जाचा हप्ता महिन्याला अकरा हजार. विमा वर्षाचे सव्वीस हजार चारशे, म्हणजे महिन्याला दोन हजार दोनशे. टायर, ऑइल, ब्रेक, पाटे धरून महिन्याला अडीच हजार. पासिंग, पीयूसी, टॅक्स यांचे पाचशे. गाडीचेच झाले सोळा हजार दोनशे. घर चालवायला पंधरा हजार. दोन पोरं, म्हातारी आई, यात काही चैन नाही. एकूण एकतीस हजार दोनशे.

"महिन्यात गाडी किती दिवस लागते?"

"हंगाम सोडून सांगू? वीस. कधी अठरा."

"वीस धरू." पेन्सिल चालली. दिवसाला पंधराशे साठ. आपल्या घरानं सकाळी नऊपासून अर्ध्याहून जास्त दिवस खाल्ला, पण अर्धाच धरू; सातशे ऐंशी. सोबतच्या पोराचे चारशे. डिझेल एकाच खेपेचं धरू, तीस. गुरुजींनी बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद बापूसमोर धरला.

बाराशे दहा.

"दहा रुपये कमीच मागितले होते तू," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात बक्षीस दिल्यासारखा भाव होता. डिझेलचे तीस रुपये, ज्यांच्यावरून भाव ठरवताना सगळा वाद झाला, ते या बेरजेत सगळ्यांत लहान होते. गाडी अडीच किलोमीटर जावो नाहीतर पाच, तिसाचे साठ होतात. बाकीचे अकराशे ऐंशी जागचे हलत नाहीत. छोटं भाडं महाग वाटतं ते एवढ्यासाठी.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण गुरुजी गणिताचे होते. उत्तर आलं की ते पुढचं उदाहरण घालत. "हप्ता कवा फिटते?"

"पुढच्या पोळ्याले."

"मग पोळ्यानंतर अकरा हजार कमी झाले! वीस हजार दोनशे. दिवसाचे एक हजार दहा. अर्ध्या दिवसाचे पाचशे पाच. म्हनजे तुह्यं भाडं नऊशे पस्तीस होते."

अड्ड्यावर शांतता झाली. हे वाक्य ते सगळे रोज ऐकत होते. हप्ता फिटला ना, आता काय, गाडी तुझीच, आता तर स्वस्त ने. शेवटी मेटाडोरवाले म्हातारे काकाजी बोलले. त्यांनी स्टेशनच्या दिशेनं हात केला. "गुरुजी, शकुंतला कायनं बंद पडली?"

हा प्रश्न मूर्तिजापुरात कोणालाही विचारा, तो पाऊण तास बोलेल. अडीच फुटी रुळांची ती गाडी इथून एका बाजूला यवतमाळला जायची, ११३ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला, ७६ किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टाकली, वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणून मुंबईला पोचवण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४पर्यंत ओढत होतं. देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी भारतीय रेल्वेनं चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायचा. तिकीट इतकं थोडं की मजूर, शेतकरी, शाळेची पोरं सगळ्यांना परवडायचं. बोचकी-ट्रंका घेऊन लोक बिऱ्हाडासकट तिनं जायचे. पण रूळ झिजले, स्लीपर कुजले, पूल थकले, तर पैसे कोणी घालायचे यावर दोन्हीकडून टाळाटाळ. वेग उतरत उतरत सायकलवाला गाठेल इतका झाला, आणि काही वर्षांपूर्वी ती थांबली. तिला मोठी लाइन करा म्हणून मागण्या चालूच आहेत. माझ्या दृष्टीनं स्वस्ताईचा दोष तिकिटाला देणं सोपं आहे. खरी चूक अशी की मोबदला घेणारे होते, तिकीट काढणारे होते, आणि झिजेचा रकाना कोणाच्याच वहीत नव्हता.

"लाइनीचे पैसे तर कवाचेच फिटले होते," काकाजी म्हणाले. "फिटल्यावरच सगळ्याईले वाटलं का आता फुकट हाये."

बापूनं मेटाडोरच्या बॉनेटवर थाप मारली. काकाजींनीही गाडीचा हप्ता फिटल्यावर भाडं उतरवलं होतं, सात-आठ वर्षं गिऱ्हाईक खूश होतं, आणि आता नव्या गाडीपुरतं डाउनपेमेंटसुद्धा जवळ नव्हतं. पासिंगच्या वेळी दर वर्षी जीव टांगणीला. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला, तेव्हा गावानं पेढे वाटले. त्याआधी त्याच रस्त्याच्या खड्ड्यांनी काकाजींचे पाटे कितीदा खाल्ले, त्याचे पैसे त्यांनी कोणाच्या भाड्यात लावले नव्हते.

गुरुजींनी नऊशे पस्तीसवर काट मारली. अकरा हजार पुन्हा लिहिले. समोर "हप्ता" होतं तिथं खोडून "पुढची गाडी" केलं.

त्यानंतर अड्ड्यावर त्यांची ऊठबस वाढली. गिऱ्हाईक भांडायला लागलं की ड्रायव्हर म्हणायचे, गुरुजींना विचारा. गुरुजी दोन्हीकडून बोलायचे, हे विशेष. एका पिकअपवाल्यानं तळमजल्यावरच्या चार खुर्च्या आणि एका टेबलाचे पंधराशे सांगितले तेव्हा ते त्यालाच झापून बसले, की अर्धा दिवस जात नाही तर अर्ध्या दिवसाचे कसे मागतोस, पाऊण तासाचं काम आहे. मजला विचारा, कपाट किती ते विचारा, गल्लीत गाडी जाते का ते विचारा, आणि मग सगळं धरून एकच आकडा सांगा, असं ते ड्रायव्हरांना बजावत. गिऱ्हाइकाला सांगत, सामान आधी खाली आणून ठेवा, भांडी पोत्यात बांधा, आणि गाडी आल्यावर चहा टाकू नका, आधी गाडी भरा. तेवढ्यानंच तास वाचतो आणि तासाचेच पैसे असतात.

दिवाळीनंतर शिवणकाम करणारी एक बाई अड्ड्यावर आली. नवरा वारला होता, कारंज्याला भावाकडं राहायला जायचं होतं. सामान शिलाई मशीन, एक पेटी, एक खाट, दोन पिंपं. कारंजा तीस-बत्तीस किलोमीटर. बापूनं दोन हजार सांगितले, आणि हंगामात ते वाजवी होते, कारण येताना गाडी रिकामी यायची. बाई गप्प उभी राहिली. तिच्याजवळ सहाशे होते.

सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. जुने गुरुजी असते तर त्यांनी बापूला माणुसकीवर व्याख्यान दिलं असतं आणि दोन हजारांचे आठशे करायला लावले असते, बापूच्या खिशातून. आताच्या गुरुजींनी बाईला विचारलं, "कोनत्या दिवशी जाचं हाये?"

"उद्या म्हनत होती."

"उद्याच पायजे काय?"

"तसं काई नाई. महिना संपाच्या आत खोली सोडा लागते."

गुरुजी बापूकडं वळले. "कारंज्याहून माल आनाले कवा जातं तू?"

"शुक्रवारी जाचं हाये. एका दुकानाचं फर्निचर आनतो. जातानी गाडी रिकामीच."

"मग जातानीचं भाडं दुकानवाल्यानं दिलेलंच हाये. ह्या बाईचं सामान गाडीत टाकलं त तुह्यं जास्तीचं काय जाते? अर्धा तास तिकडं उतरवाले, अर्धा तास इकडं चढवाले."

बापूनं डोकं खाजवलं. "पाचशे द्या लागतीन. अन् मी सकाळी जवा निघीन तवाच. आठले म्हना का अकराले. अड्ड्यावर येऊन बसा लागीन."

"बसतीन," गुरुजी म्हणाले आणि बाईला समजावलं. तुमचा दिवस आणि तुमची वेळ सोडली म्हणून पंधराशे वाचले. ते बापूच्या पोटातून काढलेले नाहीत.

शुक्रवारी बाई आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा सकाळी सातपासून सामान घेऊन बसले. गाडी साडेदहाला भरली. मुलगा मागं मशीनजवळ चढून बसायला लागला, तेव्हा बापूनं त्याला खाली उतरवलं. मागं माणूस नाही. मालासोबत मालक किंवा त्याचा एक माणूस, तोही केबिनमध्ये; काही झालं तर विमा तेवढ्यालाच बघतो. ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती.

गुरुजी पुढं झाले. "बाई, तुमी बसा गाडीत. पोरगं एसटीनं येईन मागून. तिकीट मी देतो."

बाईनं पदर खोचला. "मी काहून बसू?" ती म्हणाली. "बायाईले एसटीत अर्धं तिकीट हाये आता. पोराले पुरं लागते. पोरगं बसते गाडीत, मशीनवर ध्यान बी ठेवीन. मी एसटीनं जातो."

गुरुजींनी पेन्सिल काढली, कारंज्याचं पूर्ण तिकीट आणि अर्धं तिकीट लिहिलं, वजाबाकी केली. बाईचा हिशोब बरोबर होता. तोवर ती बसस्टँडच्या रस्त्याला लागलीही होती, आणि बापूनं गिअर टाकला होता.